महाराष्ट्रातील सणांची घरगुती पक्वान्ने : साखर, श्रम आणि समाज – एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

सण आणि गोडधोड यांचे नाते महाराष्ट्रीय समाजजीवनात इतके घट्ट आहे की, एकाचा उच्चार केला असता दुसऱ्याची आठवण आपोआप होते. संक्रांत म्हटली की तिळगूळ, होळी म्हटली की पुरणपोळी, पाडवा किंवा दसरा म्हटला की श्रीखंड, गणेशचतुर्थी म्हटली की मोदक आणि दिवाळी म्हटली की करंज्या, लाडू, अनारसे हे समीकरण लहानथोरांच्या मनात पक्के बसलेले आहे. या पदार्थांविषयी मराठीत विपुल लेखन झाले आहे. परंतु ते बहुधा दोन प्रकारांत मोडते. एक म्हणजे पाककृतींचे लेखन, आणि दुसरे म्हणजे गतकाळातील स्वयंपाकघराचे स्मरणरंजन. या दोन्ही प्रकारांत पक्वान्न हे 'परंपरेने चालत आलेले' असे गृहीत धरले जाते आणि परंपरा म्हटली की तिला इतिहास असण्याची गरज उरत नाही.

वस्तुतः सणाच्या पक्वान्नाला स्पष्ट इतिहास आहे. गोडी कोठून आली, ती कोणाला परवडली, पीठ कोणी दळले, चुलीपुढे कोण बसले आणि पंगतीत कोण बसू शकले नाही, हे प्रश्न विचारले की पुरणपोळी व करंजी या केवळ चवीच्या वस्तू राहत नाहीत. प्रस्तुत निबंधात या प्रश्नांच्या आधारे महाराष्ट्रातील सणांच्या घरगुती पक्वान्नांचा विचार केला आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे

१) सणांच्या घरगुती पक्वान्नांची प्रादेशिक व ऐतिहासिक पार्श्वभूमी स्पष्ट करणे.
२) गूळ व साखर यांच्या उत्पादनात, व्यापारात व शासकीय धोरणात झालेल्या बदलांचा या पक्वान्नांवर झालेला परिणाम पाहणे.
३) पक्वान्नांमागील स्त्रीश्रमाचे ऐतिहासिक साधनांतील स्थान तपासणे.

या अभ्यासामागील गृहीतक असे आहे की, विसाव्या शतकात गोडी क्रमाक्रमाने स्वस्त व सार्वत्रिक झाली. परंतु त्यामुळे घरातील श्रम कमी झाले नाहीत. उलट सणाच्या ताटाकडून असलेली अपेक्षा वाढत गेली आणि श्रमाची नोंद मात्र कोठेच झाली नाही.

प्राचीन व मध्ययुगीन साधने

उसापासून होणाऱ्या गोड पदार्थांचे वर्गीकरण भारतात फार प्राचीन आहे. कौटिलीय अर्थशास्त्रात कोठारातील वस्तूंची गणना करताना काकवीसारख्या फाणितापासून गूळ, खांड व शर्करेपर्यंतचे प्रकार एका वर्गात दिलेले आहेत. म्हणजे गोड पदार्थ हा त्या काळीही राज्याच्या हिशेबाचा विषय होता.

महाराष्ट्र-कर्नाटकाच्या दृष्टीने महत्त्वाचा ग्रंथ म्हणजे कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर (राज्यकाल इ. स. ११२६ ते ११३८) याच्या नावे असलेला 'मानसोल्लास'. त्यातील अन्नभोगाच्या प्रकरणात मांडे, पोळ्या, दह्याची शिखरिणी आणि दुधाचे गोड प्रकार यांचे वर्णन येते. आजच्या मांड्यांचे व श्रीखंडाचे पूर्वज या वर्णनात ओळखता येतात. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धातील रघुनाथ गणेश नवहस्त यांचा 'भोजनकुतूहल' हा संस्कृत ग्रंथही या संदर्भात उल्लेखनीय आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे ग्रंथपाल-अभिरक्षक प. कृ. गोडे यांनी या ग्रंथाचा काळ निश्चित करण्याचे काम केले. त्यांनी जिलेबीसारख्या एकेका पदार्थाचा माग जुन्या हस्तलिखितांतून काढला. खाद्यपदार्थ हा इतिहासाचा गंभीर विषय होऊ शकतो, हे त्यांच्या लेखनाने दाखवून दिले.

या ग्रंथांची एक मर्यादा लक्षात ठेवावी लागते. 'मानसोल्लास' हा राजाच्या उपभोगाचा ग्रंथ आहे. त्यात जेवणारा राजा केंद्रस्थानी आहे आणि रांधणारी व्यक्ती नाही. पेशवेकालीन कागदपत्रांतही समारंभांसाठी लागणाऱ्या जिनसांच्या याद्या आढळतात. तूप, गूळ, साखर, डाळ यांची वजने त्यांत असतात, कारण त्या वस्तूंना पैसे पडत. घरच्या बायकांचे हात फुकट होते, म्हणून ते यादीत आले नाहीत.

याला एक वेगळा साक्षीदार लोकस्मृतीत सापडतो. मुक्ताबाईस मांडे करण्याची इच्छा झाली, परंतु गावातील विरोधामुळे तिला कुंभाराकडून खापर मिळू दिले गेले नाही आणि ज्ञानेश्वरांनी आपली पाठ तापवून तिच्यावर मांडे भाजून घेतले, अशी कथा प्रसिद्ध आहे. कथेतील चमत्कार हा श्रद्धेचा भाग आहे. इतिहासाच्या अभ्यासकाला त्यात दुसरी गोष्ट दिसते. संन्याशाची मुले म्हणून वाळीत टाकलेल्या घराला पक्वान्न करण्याचे साधनसुद्धा नाकारता येते, ही समाजाची रीत त्या कथेने जपून ठेवली आहे. गोडधोड करणे हा केवळ ऐपतीचा प्रश्न नव्हता, तो मान्यतेचाही प्रश्न होता.

प्रदेश, पीक व पक्वान्न

महाराष्ट्र व गोमंतकातील पक्वान्नांचा नकाशा हा मुळात पिकांचा नकाशा आहे. कोकणात तांदूळ व नारळ मुबलक. म्हणून तेथे उकडीचे मोदक, हळदीच्या पानावरच्या पातोळ्या, खांडवी, घावन-घाटले हे प्रकार रूढ झाले. देशावर हरभरा, गहू व गूळ. म्हणून पुरणपोळीला मान मिळाला. खानदेशात उपड्या खापरावर भाजलेले मोठे मांडे करण्याचे कौशल्य आजही टिकून आहे आणि आखाजीला ते आंब्याच्या रसाबरोबर वाढले जातात. गोमंतकात नेवरी हा पदार्थ हिंदूंच्या चवथीला आणि ख्रिस्ती कुटुंबांच्या नाताळाला अशा दोन्ही वेळी होतो. पश्चिम महाराष्ट्रात मोहरमच्या दिवसांत गहू व गुळाचे चोंगे करण्याची प्रथा आहे आणि अनेक गावांत ती केवळ मुसलमान कुटुंबांपुरती मर्यादित नाही. यावरून असे दिसते की, पदार्थाचे घडणे जमिनीवर व हंगामावर अवलंबून होते आणि धर्माने त्याला दिवस नेमून दिला.

या सर्व पदार्थांत एक समान सूत्र आहे. ते बहुतांशी गुळाचे आहेत. गूळ गावच्या गुऱ्हाळात तयार होई, त्यासाठी दूरच्या बाजारावर अवलंबून राहावे लागत नसे. साखर ही मात्र दीर्घकाळ श्रीमंतांच्या घरची, औषधाची व देवाच्या नैवेद्याची वस्तू होती. आनंदाच्या बातमीवर 'तोंडात साखर पडो' असे म्हणण्याची पद्धत साखरेच्या या दुर्मिळपणाची खूण मानता येईल.

ताटाबाहेरचे लोक

'महाराष्ट्राची पक्वान्ने' असा शब्दप्रयोग करताना तो संपूर्ण समाजाला लागू पडत नाही, याचे भान ठेवणे आवश्यक आहे. गावगाड्यात सणाच्या दिवशी बलुतेदारांना पोळी किंवा ताट देण्याची रीत होती. बैलपोळ्याला व बेंदराला बैलाला पुरणपोळीचा घास दिला जाई. परंतु ज्या जातींना गावकुसाबाहेर ठेवले होते, त्यांच्या वाट्याला पुष्कळदा मागून आणलेले शिळेपाके गोड येई. ते त्यांच्या स्वतःच्या चुलीवरचे पक्वान्न नसे.

शाहू पाटोळे यांच्या 'अन्न हे अपूर्णब्रह्म' (२०१५) या पुस्तकाने मराठवाड्यातील महार व मांग समाजाच्या अन्नव्यवहाराची नोंद करून मराठी खाद्यलेखनातील ही उणीव ठळकपणे समोर आणली. पुस्तकाचे शीर्षकच प्रचलित सुभाषिताला प्रश्न विचारणारे आहे. तूप, दूध व साखर हे ज्या स्वयंपाकघराचे नित्याचे घटक नव्हते, त्या घरातील सणाचा इतिहास छापील पाकशास्त्रांत शोधून सापडणार नाही.

उच्चवर्णीय घरांच्या आतही असाच एक वगळलेला वर्ग होता. केशवपन केलेल्या सोवळ्या विधवांनी रांधलेला स्वयंपाक देवाब्राह्मणांना चाले. किंबहुना मोठ्या कुटुंबांत सणाच्या स्वयंपाकाचा बराचसा भार त्यांच्यावरच असे. त्याच सणातील हळदीकुंकू, ओवाळणे व सवाष्णींची पंगत यांत मात्र त्यांना स्थान नसे. ज्या हातांनी पुरण वाटले ते हात मंगल प्रसंगी समोर येऊ नयेत, अशी ही व्यवस्था होती.

गुळाकडून साखरेकडे

अव्वल इंग्रजी अमदानीनंतर या चित्रात मोठा बदल झाला. मॉरिशस बेटातून येणारी पांढरी साखर पश्चिम किनाऱ्यावरील बाजारांत पोहोचली आणि 'मोरस साखर' या नावाने मराठीत रूढ झाली. पुढे युरोपातील बीटची व जावा बेटातील उसाची साखरही येऊ लागली. युरोपीय सरकारांच्या अनुदानामुळे स्वस्त पडणाऱ्या बीट साखरेला आळा घालण्यासाठी हिंदुस्थान सरकारने १८९९ मध्ये खास आयातकर बसविला. यावरून या आयातीचे प्रमाण ध्यानात येते.

१९०५ च्या स्वदेशी चळवळीत परदेशी कापडाबरोबर परदेशी साखरेवरही बहिष्काराची हाक देण्यात आली. परदेशी साखर शुद्ध करताना हाडांचा कोळसा वापरतात, हा मुद्दा त्या वेळी प्रभावी ठरला. त्यामुळे राष्ट्रीय चळवळीचा प्रश्न थेट देवघरातील नैवेद्यापर्यंत व लाडवाच्या पाकापर्यंत गेला. सभांमधून भाषणे पुरुषांनी केली. परंतु घरात कोणती साखर वापरायची हा निर्णय प्रत्यक्षात आणणे स्त्रियांच्या हाती होते. चळवळीच्या इतिहासात कापडाची होळी जितकी ठळकपणे नोंदली गेली तितके हे स्वयंपाकघरातील बहिष्काराचे पालन नोंदले गेले नाही.

१९३२ च्या साखर उद्योग संरक्षण कायद्याने देशी कारखान्यांना मोठी चालना मिळाली आणि चार-पाच वर्षांत देशातील कारखान्यांची संख्या सुमारे चौपट झाली. महाराष्ट्रात नीरा, गोदावरी व प्रवरा या नद्यांच्या कालव्यांनी उसाचे क्षेत्र आधीच वाढविले होते. स्वातंत्र्यानंतर विठ्ठलराव विखे पाटील यांच्या पुढाकाराने व धनंजयराव गाडगीळ यांच्या मार्गदर्शनाने प्रवरानगर येथे सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि १९५०-५१ च्या हंगामात त्याने गाळप सुरू केले. त्यानंतरच्या दोन-तीन दशकांत सहकारी साखर कारखानदारी ही महाराष्ट्राच्या ग्रामीण अर्थकारणाची व राजकारणाची कणा बनली.

अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ सिडनी मिंट्झ यांनी 'स्वीटनेस अँड पॉवर' (१९८५) या ग्रंथात साखर इंग्लंडमध्ये चैनीच्या वस्तूपासून गरजेची वस्तू कशी झाली हे दाखविले आहे. महाराष्ट्रातील प्रक्रिया त्याहून काहीशी वेगळी आहे. येथे साखरेने गुळाला हद्दपार केले नाही. कोल्हापूरच्या शाहूपुरी पेठेसारख्या गुळाच्या बाजारपेठा भरभराटीला आल्या आणि कोल्हापुरी गुळाला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. साखर व गूळ यांच्यात जणू कामाची वाटणी झाली. पुरण, तिळगूळ, मोदक व अनारसे यांच्यात गुळाचे स्थान बऱ्याच घरांत टिकले. तर रव्याचे व बेसनाचे लाडू, शंकरपाळी, चिरोटे, करंजीचे सारण यांत साखर स्थिरावली.

दिवाळीच्या फराळाची आजची यादी पाहिली असता तिच्यातील बहुतेक घटक हे गिरणी व कारखान्यातून आलेले दिसतात. साखर, रवा, मैदा, पोहे, बेसन आणि वनस्पती तूप हे ते घटक होत. पूर्वी रवा व सपीट घरीच काढावे लागे. गहू ओलवून, सुकवून, जात्यावर दळून पातळ कापडातून वस्त्रगाळ करावा लागे. एवढे श्रम परवडणारी घरे थोडी होती. लाडू व करंज्या या जुन्याच. परंतु त्या घरोघरी, एकाच वेळी, एकाच यादीनुसार होऊ लागल्या याचे श्रेय बऱ्याच अंशी या नव्या बाजाराला द्यावे लागते.

छापील पाकशास्त्र आणि वाढती यादी

रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे 'सूपशास्त्र' १८७५ मध्ये प्रसिद्ध झाले. मराठीतील आरंभीच्या छापील पाकग्रंथांत त्याची गणना होते. १९१० मध्ये लक्ष्मीबाई धुरंधर यांचे 'गृहिणीमित्र अथवा एक हजार पाकक्रिया' हे पुस्तक आले. एका पुरुषाने लिहिलेल्या 'शास्त्रा'कडून एका स्त्रीने लिहिलेल्या 'मित्रा'कडे झालेला हा प्रवास अर्थपूर्ण आहे. तथापि, शीर्षकातील 'एक हजार' हा आकडाही तितकाच बोलका आहे. सासू किंवा आई यांच्याकडून शिकलेल्या मोजक्या पदार्थांच्या जागी आता सुशिक्षित गृहिणीपुढे हजार पदार्थांचा आदर्श उभा राहिला.

१९७० मध्ये प्रसिद्ध झालेल्या कमलाबाई ओगले यांच्या 'रुचिरा' या पुस्तकाने पुढच्या पिढ्यांचे स्वयंपाकघर घडविले. शेर, पावशेर, छटाक ही जुनी मापे १९५६ च्या वजनमापे कायद्यानंतर हळूहळू मागे पडली होती. अशा वेळी घरातील वाटी-चमच्याच्या प्रमाणात दिलेल्या कृती नवविवाहित, नोकरदार व घरापासून दूर राहणाऱ्या स्त्रियांना मोठा आधार ठरल्या. अर्जुन अप्पादुराई यांनी १९८८ मधील आपल्या लेखात भारतीय पाकपुस्तकांनी प्रदेश व जात यांच्या सीमा ओलांडणारी मध्यमवर्गीय खाद्यसंस्कृती कशी घडविली याचे विवेचन केले आहे. मराठी घरातही हेच घडले. कोकणातील मोदक विदर्भात आणि देशावरील पुरणपोळी कोकणात होऊ लागली. ज्ञान मुक्त झाले, परंतु त्याबरोबर सणाची यादीही लांबत गेली.

शिधापत्रिका आणि दिवाळी

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात साखरेवर सरकारी नियंत्रण आले आणि मुंबईत १९४३ मध्ये शिधावाटप सुरू झाले. डिसेंबर १९४७ मध्ये साखरेवरील नियंत्रण उठविण्यात आले; पण टंचाई व भाववाढ यांमुळे १९४९ मध्ये ते पुन्हा लागू करावे लागले. १९६७-६८ पासून दुहेरी भावाची पद्धत आली. कारखान्याच्या उत्पादनाचा काही भाग 'लेव्ही' म्हणून ठरावीक भावाने सरकारकडे व तेथून रेशनच्या दुकानात जाई, उरलेला खुल्या बाजारात विकला जाई. ऑगस्ट १९७८ मध्ये नियंत्रण पुन्हा उठले आणि डिसेंबर १९७९ मध्ये परत आले. कारखान्यांवरील लेव्हीचे बंधन शेवटी २०१३ मध्ये दूर झाले.

या सर्व काळात रेशनकार्ड हे सणाच्या तयारीचे एक साधन झाले होते. दिवाळीला मिळणारी जादा साखर कधी येणार, किती मिळणार, रवा व तेल त्याबरोबर येणार की नाही, यावर घरातील लाडवांची संख्या ठरत असे. साखर, रवा, रॉकेल यांसाठी रांगेत उभे राहण्याचे काम प्रामुख्याने स्त्रियांनी व मुलांनी केले. म्हणजे पक्वान्नाचे श्रम चुलीपाशी सुरू न होता दुकानाच्या दारातच सुरू होत.

या अनुभवातूनच एक मोठे आंदोलन उभे राहिले. १९७२ च्या दुष्काळाच्या व महागाईच्या पार्श्वभूमीवर मुंबईत महागाई प्रतिकार संयुक्त महिला समितीची स्थापना झाली. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर, प्रमिला दंडवते, तारा रेड्डी इत्यादी वेगवेगळ्या पक्षांच्या स्त्रिया तीत एकत्र आल्या. साखर, तेल, रॉकेल, रवा यांचा पुरवठा व किमती हे समितीचे प्रमुख विषय होते. हजारो गृहिणी हातात लाटणे घेऊन, थाळ्या वाजवीत रस्त्यावर उतरल्या. 'लाटणे मोर्चा' हे नाव महाराष्ट्राच्या राजकीय इतिहासात कायमचे नोंदले गेले. आणीबाणी येईपर्यंत हे आंदोलन चालू राहिले.

या मोर्चाचे स्त्रीमुक्तीच्या दृष्टीने पुष्कळ मूल्यमापन झाले आहे. येथे फक्त एक बाब अधोरेखित करावयाची आहे. पोळी व करंजी लाटण्याचे हत्यार प्रथमच शासनाला उद्देशून उचलले गेले. घरातील गोडधोड हे खासगी कौशल्य नसून सार्वजनिक धोरणाशी बांधलेले आहे, हे त्या स्त्रियांनी आपल्या कृतीने मांडले. तरीही मोर्चाची मागणी जिनसांच्या भावाची होती. लाटणाऱ्या हातांच्या श्रमाचा प्रश्न त्या वेळी पटलावर आला नाही.

अनारसा : श्रमाचा एक हिशेब

हे श्रम नेमके किती, याची कल्पना एका पदार्थावरून येऊ शकेल. अनारशासाठी तांदूळ तीन दिवस भिजत घालावे लागतात आणि रोज पाणी बदलावे लागते. चौथ्या दिवशी ते निथळून, सावलीत कापडावर पसरून, पुरते कोरडे होण्याआधीच कुटावे लागतात. ते पीठ बारीक चाळून त्यात किसलेला गूळ व थोडे तूप मिसळून गोळा झाकून ठेवतात. तो काही दिवस मुरला की मग खसखशीवर थापून, खसखशीची बाजू वर ठेवून, मंद आचेवर तुपात तळतात. अनारसा उलटायचा नसतो, वरून झाऱ्याने तूप उडवायचे असते. गूळ जास्त झाला किंवा पीठ नीट मुरले नाही तर तो तुपात पसरून विरघळतो. याला 'अनारसा हसला' असे म्हणतात. अनारसा हसला की करणारीला मात्र रडू येई. कारण आठवड्याभराचे कष्ट व महागाचे तूप एका क्षणात वाया जात.

अधिक मासात जावयाला तेहतीस अनारशांचे वाण देण्याची प्रथा आहे. तेहतीस ही संख्या धर्मशास्त्राच्या चर्चेत येते. मात्र ते तेहतीस अनारसे जाळीदार उतरावेत म्हणून किती रात्री जागल्या, हा हिशेब त्या चर्चेत नसतो.

पुरणाचीही हीच कथा आहे. डाळ शिजवून, कट काढून, गूळ घालून, झारा उभा राहीपर्यंत आटवून, ते गरम असतानाच पाट्यावर वाटावे लागे. हाताने फिरवायच्या पितळी पुरणयंत्राने वाटण्याचे कष्ट खरोखरच कमी केले. पिठाच्या गिरणीने जाते थांबविले, गॅसच्या शेगडीने धूर हटविला, मिक्सरने पिठीसाखर सोपी केली. परंतु अमेरिकेतील घरकामाचा इतिहास लिहिताना रूथ श्वार्ट्झ कोवन यांनी 'मोर वर्क फॉर मदर' (१९८३) या ग्रंथात जे निरीक्षण मांडले ते येथेही लागू पडते. यंत्रांनी एकेका कामाचे कष्ट घटविले, तरी अपेक्षांची पातळी वाढल्यामुळे गृहिणीचा एकूण वेळ वाचला नाही. पूर्वी वाड्यांतून व चाळींतून शेजारणी एकेका घरी जमून करंज्या लाटीत. कोणी साटा लावी, कोणी सारण भरी, कोणी कातण्याने कडा कापी. स्वतंत्र सदनिकांच्या काळात हे सामूहिक श्रम विरळ झाले आणि तीच यादी एकटीच्या अंगावर आली.

याच पोकळीतून फराळाचा व्यवसाय वाढला. महिला मंडळे, बचत गट व घरगुती उद्योजिका यांनी अनारशाच्या तयार पिठापासून परदेशी पाठवायच्या फराळाच्या खोक्यांपर्यंत सर्व काही उपलब्ध करून दिले. या घडामोडीकडे परंपरेचा ऱ्हास म्हणून पाहण्याची प्रवृत्ती आढळते. इतिहासाच्या दृष्टीने मात्र तिचे महत्त्व वेगळे आहे. करंजी लाटण्याच्या श्रमाला प्रथमच किलोमागे भाव मिळाला. शेकडो वर्षे यादीबाहेर राहिलेले हात अखेर पावतीवर आले. विकत आणलेल्या करंजीत 'घरची माया नाही' असे म्हणणाऱ्याने त्या मायेची किंमत आजवर कोणी चुकती केली होती, याचाही विचार करावयास हवा.

समारोप

२०२२ च्या दिवाळीत महाराष्ट्र शासनाने 'आनंदाचा शिधा' ही योजना राबविली. सुमारे १ कोटी ६२ लाख शिधापत्रिकाधारकांना शंभर रुपयांत एक किलो रवा, एक किलो हरभराडाळ, एक किलो साखर व एक लिटर पामतेल देण्याचा तो निर्णय होता. २०२३ च्या दिवाळीत त्यात मैदा व पोहे यांची भर पडली. या पिशवीतील जिनसांकडे पाहिले असता शासनाने दिवाळीच्या फराळाची एक प्रमाण यादीच मान्य केली असे म्हणता येईल. रव्याचे लाडू, बेसन, शंकरपाळी, चिवडा हे सर्व त्या जिनसांत गृहीत आहेत. ज्या घरांना एकेकाळी सणाचे गोड मागून आणावे लागे, त्यांच्या चुलीवर ते होऊ शकावे, ही बाब लोकशाहीच्या दृष्टीने स्वागतार्ह आहे.

परंतु त्या पिशवीत आणखी एक गोष्ट न सांगता गृहीत होती. ती म्हणजे हे सर्व मळणारी, लाटणारी व तळणारी स्त्री. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०१९ च्या वेळवापर सर्वेक्षणानुसार विनामोबदला घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटे देतात, तर असे काम करणारे पुरुष ९७ मिनिटे. ही वर्षभराची सरासरी आहे. वसुबारसेच्या आधीच्या आठवड्यातील मिनिटे तीत विरघळून जातात.

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१) सणांची घरगुती पक्वान्ने ही अपरिवर्तनीय परंपरा नसून पीक, व्यापार, कारखानदारी व शासकीय धोरण यांच्याबरोबर बदलत आलेली सामाजिक रचना आहे.
२) साखर, रवा व मैदा स्वस्त झाल्यामुळे पक्वान्नाचा अधिकार व्यापक झाला, मात्र जात व वैधव्य यांच्या आधारे केलेल्या वगळणुकीचा इतिहास त्यामुळे पुसला जात नाही.
३) राजाच्या अन्नभोगापासून शासनाच्या शिध्यापर्यंत प्रत्येक व्यवस्थेने जिनसांची मोजदाद केली, श्रमाची केली नाही. या श्रमाला पहिला भाव व्यावसायिक फराळाने दिला.

महाविद्यालयीन पातळीवर स्थानिक इतिहासाचे प्रकल्प घेताना किल्ले, देवळे व घराणी यांच्याबरोबरच घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांच्या तोंडून सणाच्या स्वयंपाकाचा वृत्तांत नोंदवून घेणे त्यामुळे आवश्यक ठरते. रेशनची रांग, उसने आणलेले पुरणयंत्र, फसलेले अनारसे, पंगत उठल्यावर उरलेले ताट या सर्वांची ती जिवंत साधने आहेत. कागदावर ती कधी आली नाहीत आणि ज्यांच्या स्मरणात ती आहेत ती पिढी आता वृद्ध झाली आहे. हे काम पुढे ढकलण्यासारखे नाही.